जुना बीसीएम जोडला की झालं?

‘त्याच मॉडेलच्या गाडीचा जुना बीसीएम आणा, सॉकेट लावा, झालं काम!’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं होत नाही. दिवे, वायपर, काचा, सेंट्रल लॉक सांभाळणाऱ्या या बीसीएममध्ये, म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूलमध्ये, सहसा त्याच गाडीचा चॅसिस नंबर आणि फीचर्सची माहिती भरलेली असते. बऱ्याच गाड्यांत चावीची ओळखसुद्धा. कोडिंग न करता, म्हणजे ही माहिती आपल्या गाडीप्रमाणे न भरता दुसरं बसवलं, तर इंजिन सुरूच न होण्याची शक्यता असते.

आणि मुळात मॉड्यूलच गेलंय का? कळकळीने सांगतो, खर्चात पडण्याआधी बॅटरी मोजा. बंद गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत. मग फ्यूज आणि अर्थिंगचा बोल्ट तपासा. कनेक्टर काढून पिना उजेडात धरा. हिरवट गंज दिसला, तर दोष बहुधा तिथेच आहे.