‘मेल पावूंक ना’: स्पॅममध्ये पडलेला मेल आणि दारातून परतलेला मेल

आमच्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या देवस्थानाचे महाजन, म्हणजे वंशपरंपरागत सभासद, मुंबई, पुणे, बेळगाव, बंगळुरू असे पांगलेले. म्हणून अलीकडे बैठकीची नोटीस ईमेलने जाते. 1933 सालच्या पोर्तुगीज अमदानीतल्या देवस्थान नियमनात ईमेलचं नाव असायचं कारण नाही, तेव्हा देवळाच्या फलकावर कागदही लागतोच. यंदा खजिनदार भाईंनी 300 जणांना मेल पाठवला आणि आठवडाभरात फोन सुरू झाले: “मेल पावूंक ना,” म्हणजे मेल पोचलाच नाही.

भाईंनी काय करावं? तोच मेल पुन्हा 300 जणांना पाठवला. चार दिवसांनी आणखी एकदा. मग मला बोलावलं.

‘पावूंक ना’ म्हणणाऱ्या सगळ्यांचं दुखणं एकच असेल असं भाई धरून चालले होते. निम्म्यांच्या बाबतीत मेल पोचला होता, पण स्पॅमच्या कप्प्यात पडला होता. उरलेल्यांच्या बाबतीत तो त्यांच्या दारातूनच परत फिरला होता. दोन्हीकडे माणूस एकच वाक्य बोलतो, पण पहिल्याचा इलाज मेल घेणाऱ्याच्या हातात असतो आणि दुसऱ्याचा पाठवणाऱ्याच्या.

रायबंदरहून चोडणला जाणारी फेरीबोट डोळ्यांसमोर आणा. दाराशीच अडवलेली गाडी बोटीवर चढलेलीच नसते. पलीकडे वाट बघणाऱ्याला ती आली होती हेसुद्धा कळत नाही. स्पॅममधली गाडी मात्र पलीकडे उतरलेली असते, फक्त कुणाच्या नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात उभी करून ठेवलेली.

तांत्रिक भाषेत फरक एका आकड्याचा आहे. पाठवणाऱ्याचा सर्व्हर घेणाऱ्याच्या सर्व्हरशी बोलतो तेव्हा शेवटी उत्तर येतं. 250 आलं तर ‘घेतला’. 5 ने सुरू होणारा आकडा, बहुधा 550, आला तर ‘घेणार नाही, पुन्हा आणू नकोस’. 4 ने सुरू होणारा आला तर ‘आत्ता नाही, पुढच्या फेरीला ये’. हे तिसरं उत्तर कधी कधी मुद्दाम दिलं जातं. अनोळखी सर्व्हरला थोडा वेळ ताटकळत ठेवायचं. खरा असेल तो पुन्हा येतो, लाखोंनी कचरा टाकणारा बहुतेकदा थांबत नाही. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. एखादा मेल अर्धा तास उशिरा उगवला तर त्यामागे हे असू शकतं, आणि त्यात कुणी काही करायचं नसतं.

स्पॅममध्ये गेलेल्या मेलला आधी 250 मिळालेलं असतं. निवाडा नंतर, आतल्या आत होतो. म्हणून पाठवणाऱ्याला काहीच कळत नाही. भाईंच्या लेखी तो मेल पोचला. इथे महाजनांनीच स्पॅमचा कप्पा उघडून ‘स्पॅम नाही’ म्हणायचं आणि देवस्थानाचा पत्ता संपर्कात घालायचा. तेही वेळेत, कारण जीमेल त्या कप्प्यातलं सगळं 30 दिवसांनी पुसून टाकतं. नोटीस दीड महिना आधी काढायची शिस्त इथे उलटी अंगाशी येते.

परतलेल्या मेलची मात्र पावती येते. भाईंच्या इनबॉक्समध्ये ‘मेलर-डीमन’ नावाने चाळीसेक पत्रं आली होती आणि त्यांनी ती व्हायरस समजून न उघडता उडवली होती. नावच तसं! पण हा डीमन म्हणजे राक्षस नव्हे, पडद्याआड काम करत राहणारा प्रोग्राम. आपल्याकडच्या देवचारासारखा: दिसत नाही, पण राखण करतो. कचरापेटीतून एक पत्र काढून दोघांनी वाचलं. वरचं इंग्रजी सोडून द्यायचं आणि 550 च्या पुढे बघायचं. 5.1.1 असेल तर तो पत्ताच नाही. 5.2.2 म्हणजे पेटी भरलेली. आमच्या बहुतेक पत्रांत 5.7 होतं, म्हणजे ‘नियमात बसत नाही, म्हणून अडवला’.

कारण घरातच निघालं. समितीने गेल्या वर्षी वेबसाइटचं होस्टिंग, म्हणजे ती ज्या भाड्याच्या यंत्रावर राहते ते, बदललं. आपल्या नावाने कुठल्या यंत्रांनी मेल पाठवावा याची एक यादी डोमेनच्या, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या, नोंदीत असते, तिला एसपीएफ म्हणतात. त्या यादीत अजून जुनंच यंत्र होतं. नव्या यंत्रावरून आलेला मेल मोफत मेलसेवांनी संशयाने स्पॅममध्ये टाकला. कंपन्यांच्या, कॉलेजांच्या कडक सर्व्हरांनी दारातच नाकारला. चूक एक, शिक्षा दोन तऱ्हेच्या. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी याबाबत नियम आवळले. गूगलच्या हिशेबाने जीमेलवर दिवसाला 5000 च्या आसपास किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल मोहोर, आणि डीमार्क, म्हणजे या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, ही तिन्ही लागतात. लहानांनाही पहिल्या दोनपैकी एक हवंच. शिवाय जीमेल म्हणतं, स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा. आता भाईंचा हिशेब करा: 300 जणांत एकाने चिडून ‘स्पॅम’ दाबलं की 0.33 टक्के झाले. आणि तोच मेल तीनदा आल्यावर कोण चिडणार नाही?

चूक नेहमी आपलीच असते असंही नाही. स्वस्तातल्या होस्टिंगवर एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे यंत्राच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, शेकडो जण मेल पाठवतात. त्यातल्या एकाने घाण केली की पत्ता काळ्या यादीत जातो. अशा याद्या ठेवणाऱ्यांत स्पॅमहाउस 1998 पासून आहे. कधी कधी जाळं त्याहून मोठं पडतं. 2004 च्या अखेरीस अमेरिकेतल्या व्हेरायझन या इंटरनेट कंपनीने युरोपातून येणारा मेल सरसकट अडवायला सुरुवात केली. ग्राहक कोर्टात गेले आणि 2006 मध्ये तडजोड झाली.

याहून वाईट प्रकार म्हणजे 250 म्हणून मेल घ्यायचा आणि गुपचूप फेकून द्यायचा. ना स्पॅममध्ये सापडतो, ना पावती येते. 2008 चा मेलचा नियम, आरएफसी 5321, सांगतो की 250 म्हटलं की पुढची जबाबदारी घेणाऱ्याची. माझ्या मते हा सरळ विश्वासघात आहे. समोरून ‘नाही’ म्हणणारा सर्व्हर परवडला.

एसपीएफची ओळ बदलायला दहा मिनिटं लागली. नवी नोंद सगळीकडे पसरावी म्हणून एक दिवस थांबलो आणि मग मेल फक्त परतलेल्यांनाच पाठवला. दोन पत्रं पुन्हा परत आली. दोन्हींवर 5.1.1 होतं. भाईंनी त्या दोन महाजनांचे जुन्या वहीतले पत्ते शोधले आणि पाकिटांवर तिकिटं चिकटवली.