रिजनरेटिव्ह ब्रेकिंगवर थंडीचा परिणाम

विजेवर चालणाऱ्या गाडीचा वेग कमी होताना तिची मोटर जनित्रासारखी फिरते आणि गाडीच्या गतिज ऊर्जेचा मोठा भाग वीज होऊन बॅटरीत परत जातो. याला रिजनरेटिव्ह ब्रेकिंग किंवा चालकांच्या बोलीत नुसते ‘रीजन’ म्हणतात. बॅटरी गार पडली की हा परतावा घटतो आणि कडाक्याच्या थंडीत जवळजवळ बंदच होतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताच एरवी मागून कुणी धरल्यासारखी हळू होणारी गाडी अशा सकाळी न्यूट्रलमध्ये टाकल्यासारखी घरंगळत राहते. नव्या मालकाला वाटते, काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या नियंत्रण यंत्रणेने मुद्दाम लावलेली ती मर्यादा असते.

मोटरचा यात दोष नाही. थंडीतही ती वीज तितक्याच उत्साहाने तयार करू शकते. प्रश्न ती वीज घ्यायची कुणी, हा आहे. 1,800 किलो वजनाची गाडी ताशी 100 किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा 0.19 युनिटच्या आसपास भरते. 50 च्या वेगाला तिचा फक्त चौथा हिस्सा. आकडा किरकोळ वाटतो, पण ही ऊर्जा काही सेकंदांत बाहेर पडते. हीच गाडी ताशी 50 किलोमीटरला असताना सेकंदाला 2 मीटर प्रतिसेकंद या दराने हळू करायची, तर त्या क्षणी सुमारे 50 किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते. महामार्गावरचे कितीतरी फास्ट चार्जर याच ताकदीचे असतात. म्हणजे सिग्नलला थांबताना बॅटरीचे क्षणभर फास्ट चार्जिंगच होत असते, आणि गारठलेल्या लिथियम-आयन बॅटरीला नेमके तेच सोसत नाही.

चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धनाग्राकडून निघून इलेक्ट्रोलाइटमधून, म्हणजे सेलमधल्या द्रवातून, प्रवास करतात आणि ऋणाग्रातील ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरून बसतात. थंडीत हा द्रव दाट होतो, आयनांची चाल मंदावते, ग्राफाइटच्या आत सरकणे तर फारच सावकाश होते. मागून लोंढा येतच राहिला, तर दारातच गर्दी होते. थरांत जागा मिळण्याआधीच आयन ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातुरूप लिथियम म्हणून जमू लागतात. हा मुलामा चढला की त्यातले काही लिथियम कायमचे निकामी होते आणि बॅटरीची क्षमता तेवढी घटते. तो सुईसारखा वाढत गेला तर विभाजक पडदा भेदून आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका असतो. शिवाय थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाला सेलचा विद्युतदाब कमाल मर्यादेला लवकर टेकतो.

उलट दिशेने, म्हणजे बॅटरीतून वीज काढून घेताना, हा मुलाम्याचा धोका नसतो. म्हणूनच बऱ्याच लिथियम-आयन सेलच्या तांत्रिक पत्रकांत वीज काढण्याची मुभा उणे 20 अंश सेल्सिअसपर्यंत, पण चार्जिंगची शून्यापासून पुढेच असते. बॅटरी द्यायला तयार, घ्यायला नाही, असा हा प्रकार. गाडी थंडीत व्यवस्थित पळते आणि रीजन मात्र गायब, यातले कोडे इथे सुटते. लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजेच एलएफपी सेल निकेलयुक्त सेलपेक्षा थंडीला अधिक हळवे असतात.

शून्याला पोहोचताच रीजन एकदम तुटते असे नाही. क्षणिक झटके सलग चार्जिंगपेक्षा बॅटरीला बरे सोसतात, म्हणून यंत्रणा सेलचे तापमान, भरणा आणि दाब पाहून दर क्षणी किती प्रवाह आत सोडायचा ते ठरवते. काही गाड्यांत पारा 10 अंशांच्या खाली गेल्यावरच फरक जाणवू लागतो. इथे हवेचे नव्हे, सेलचे तापमान मोजायचे. तासभर गाडी चालवून बॅटरी उबली की बाहेर बर्फ असला तरी रीजन परतते. गाडी रात्रभर उघड्यावर उभी असेल, तर पहिले काही किलोमीटर सगळ्यात वाईट.

याचे ठळक उदाहरण नॉर्वेत दिसते. तिथे 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळपास 89 टक्के पूर्णपणे विजेवरच्या होत्या. होल्मेनकोलेनसारखी वस्ती ऑस्लो शहराच्या कितीतरी वर, डोंगरउतारावर आहे आणि सकाळी कामाला निघालेली गाडी थेट समुद्रसपाटीकडे उतरते. बॅटरी सर्वांत गार असते तेव्हाच उतार सुरू होतो. परत मिळू शकली असती ती ऊर्जा ब्रेकच्या तबकड्यांत उष्णता होऊन जाते.

चालकाच्या दृष्टीने ऊर्जेपेक्षा सवय मोडते, हे अधिक गंभीर म्हणायला हवे. एका पेडलवर गाडी चालवणाऱ्याचा पाय ब्रेककडे जायचाच विसरलेला असतो. टेस्लाच्या गाड्यांत रीजन मर्यादित असले की पडद्यावरच्या शक्तिपट्टीचा काही भाग ठिपक्यांनी दाखवला जातो. पुढे त्यांत अशा वेळी साधे ब्रेक आपोआप लावण्याचा पर्यायही आला. निसान लीफच्या ई-पेडलमध्ये घर्षण ब्रेकची जोड पहिल्यापासूनच होती, त्यामुळे पायाला फरक कमी जाणवतो. साधे ब्रेक सगळ्या गाड्यांत पूर्ण ताकदीने चालतच असतात. प्रश्न फक्त ते आठवण्याचा.

निसरड्या रस्त्यावर रीजन कमी होते, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. रीजनचा जोर फक्त मोटर जोडलेल्या चाकांवर येतो आणि बर्फावर तेवढ्यानेही चाक घसरू शकते. घसरण टिपताच स्थिरता यंत्रणा रीजन सोडून देते. बॅटरी गरम असली तरी हे घडते. चर्चेत ही दोन कारणे सर्रास एकत्र कालवली जातात.

हिवाळ्यात एका चार्जवर कमी अंतर जाते, त्याचे सगळे खापर रीजनवर फोडणेही बरोबर नाही. मोठा खर्च गाडीचा अंतर्भाग आणि बॅटरी गरम ठेवण्याचा असतो. उणे 20 अंशांची हवा अधिक 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 16 टक्के दाट असते, तेवढा तिचा विरोधही वाढतो. टायरही गारठ्यात कडक होतात. उपाय म्हणजे निघण्याआधी, गाडी चार्जरला जोडलेली असतानाच बॅटरी गरम करून घेणे. बऱ्याच गाड्यांत निघण्याची वेळ आदल्या रात्री नोंदवून ठेवता येते. अंतर्भाग गरम झाला म्हणजे बॅटरीही उबली, असे धरून चालू नये. शेकडो किलोंचा तो गठ्ठा तापायला बराच वेळ घेतो.

रेल्वेला ही अडचण येत नाही. मुंबईच्या लोकल ब्रेक लावताना तयार झालेली वीज बॅटरीत न साठवता ओव्हरहेड वायरमध्ये सोडतात आणि ती जवळपासची दुसरी गाडी वापरते. तिथे कुठला सेल गारठण्याचा प्रश्नच नाही.

महाराष्ट्रात निफाड, महाबळेश्वरला पारा काही वेळा 5 अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा भल्या पहाटे रीजनमध्ये थोडा फरक पडू शकतो. पण डिसेंबरात महाबळेश्वरहून निघालेल्या पर्यटकाला पसरणीच्या घाटात रीजन मिळाले नाही, तर थंडीवर संशय घेण्याआधी तो काठोकाठ भरलेल्या बॅटरीवर घ्यावा. हॉटेलात रात्रभर लावून 100 टक्के चार्ज केलेल्या बॅटरीत परतीची वीज ठेवायला जागाच नसते, आणि हे भर उन्हाळ्यातही होते. पाचगणी ते वाई हा उतार साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरचा आहे. माणसांसह 1,700 किलो भरणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही अडीच-पावणेतीन युनिट ऊर्जा झाली, आणि त्यातली काही चाकांचे घर्षण व हवा खाऊन टाकतात. 40 युनिटची बॅटरी वर 90 टक्क्यांवरच थांबवली, तर हे सगळे तिच्यात आरामात मावते.