नस गोठवायची आयडिया जुनीच, फक्त नस दिसायला लागली आत्ता

मामाच्या छातीत पू झाला म्हणून ऑपरेशन करावं लागलं, बरगड्यांच्या मधून छाती उघडली होती. ऑपरेशन निभावलं पण नंतर खोकायचं म्हटलं की मामा उशी छातीला गच्च आवळून बसायचा आणि तरी खोकायचा नाही. डॉक्टर म्हणायचे खोका, कफ आत राहिला तर न्यूमोनिया होईल, आणि मामा म्हणायचा "तुमचं काय जातंय खोका म्हणायला". तेव्हा भुलीच्या डॉक्टरांकडून पहिल्यांदा ऐकलं की असं दुखू नये म्हणून हल्ली सोनोग्राफीत बघून बरगडीखालची नस गोठवतात. मला वाटलं लई नवीन काहीतरी असेल, वाचत गेलो तर गोष्ट पार १८५० च्या आसपास निघाली.

इंग्लंडमधला जेम्स अरनॉट नावाचा डॉक्टर बर्फात मीठ मिसळून दुखऱ्या जागेवर ठेवायचा. म्हणजे आपल्याकडं जत्रेत कुल्फीवाला हंड्यात करतो तेच, मीठ पडलं की बर्फ पार उणे २० च्या आसपास जातो. कातडी बधिर व्हायची पण गारवा आत नसांपर्यंत जायचा नाही.

तो पोचवायला सळई लागली. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आयर्विंग कूपरने द्रव नायट्रोजनवर चालणारी सळई वापरली, आणि त्याच दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या अमोइल्स नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरने गॅसवर चालणारी केली. कोंडलेला गॅस बारीक भोकातून सोडला की फुगतो आणि एकदम गार पडतो, एवढंच तत्त्व. नायट्रस ऑक्साईड वापरला तर टोक उणे ७० च्या आसपास जातं. नायट्रोजनपेक्षा हे कमी गार, पण नसेसाठी तेच बरं, कारण नस म्हणजे वायर धरली तर एवढ्या थंडीत आतली तार मरते पण वरची नळी शाबूत राहते, मग त्याच नळीतून नवी तार दिवसाला १-२ मिलिमीटर सरकत परत येते. म्हणून आराम काही आठवडे ते महिने टिकतो आणि नंतर बहुतेकदा जाणीव परत येते.

१९७४ मध्ये छातीच्या ऑपरेशनमध्येच बरगड्यांच्या नसा गोठवल्याचा रिपोर्ट आला, १९७६ मध्ये लॉइड आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात क्रायोअ‍ॅनाल्जेसिया (म्हणजे गोठवून दुखणं थांबवणं) म्हणून मांडलं. तरी पुढं हे मागं पडलं. काही पेशंटना नंतर जळजळणारं नसेचं दुखणं मागं लागलं, आणि पाठीत नळी घालून बधिर करायचं औषध (एपिड्युरल) देता येत होतंच. मला विचाराल तर खरी अडचण थंडीची नव्हतीच, छाती उघडी असेल तरच नस डोळ्याला दिसायची.

परत दिवस आले ते खोल गेलेली छाती वर उचलणाऱ्या नस ऑपरेशनमुळं (हे डॉक्टर डोनाल्ड नस यांचं आडनाव, आपली नस नाही). पोरांच्या छातीत स्टीलची पट्टी घालायची, दुखणं भयंकर, आणि अमेरिकेत अफूच्या जातीच्या गोळ्यांचं व्यसन वाढलेलं, त्यामुळं डॉक्टर दुसरा मार्ग शोधतच होते.

तोवर सोनोग्राफी भुलीच्या डॉक्टरांच्या हातात आली होती. १९९४ मध्ये व्हिएन्नाच्या टीमने खांद्याजवळच्या नसांचा ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) सोनोग्राफीत बघत दिला, मग हळूहळू छातीपर्यंत. आता छाती न उघडता कातडीतून सळई घालतात, बरगडी, फुफ्फुसाचं आवरण आणि सळईचं टोक स्क्रीनवर दिसतं, नसेभोवती तयार होणारा बर्फाचा गोळासुद्धा दिसतो.

आमच्या बीडकडं सोनोग्राफी म्हटलं की लोकांना आधी भिंतीवरची गर्भलिंग निदानाची पाटी आठवते, २०११ च्या जनगणनेत इथं ० ते ६ वयात हजार मुलांमागं ८०७ मुली होत्या. त्यामुळं नुसत्या नसा बघायला मशीन ठेवायचं तरी १९९४ च्या त्याच गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याखाली नोंदणी लागते.

आणि हे लगेच लागू पडतं असंही नाही, पूर्ण असर यायला काही तास जातात म्हणून पहिल्या दिवशी जोडीला दुसरं औषध लागतंच. शिवाय छातीचा तो पट्टा बधिर होतो, आणि खालच्या बरगड्यांच्या नसा गोठवल्या तर पोटाचा स्नायू सैल पडून फुगवटा येऊ शकतो. मामाला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, बधिर चाललं असतं की.