बायबलचे वाचन आणि अभ्यास : ठाणे परिसरातील मराठी ख्रिस्ती रीती

ख्रिस्ती माणसाने आपला धर्मग्रंथ श्रद्धेने, नेमाने आणि समजून घेऊन वाचण्याच्या निरनिराळ्या रीती. उपासनेत नेमून दिलेले पाठ ऐकणे, पहाटे एकट्याने मनन करणे, हातात पेन्सिल घेऊन उताऱ्याची फोड करणे, मूळ भाषा व इतिहास यांच्या आधारे अर्थ लावणे आणि आपल्या समाजाच्या जगण्याशी तो ताडून पाहणे, हे सगळे यात येते. मराठी मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या स्थानिक समुदायांत, याला ‘वचनाचा अभ्यास’ म्हणतात. ठाणे शहर आणि खाडीपलीकडचा कळवा ते नवी मुंबई हा पट्टा या विषयासाठी सोयीचा आहे, कारण एरवी एकमेकींपासून दूर वाढलेल्या रीती इथे एकाच वस्तीत, कधी एकाच इमारतीत सापडतात.

ठाण्याचा ख्रिस्ती धर्माशी संबंध जुना आहे. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस हा फ्रान्सिस्कन संघाचा धर्मप्रचारक आणि त्याचे तीन सोबती इथे मारले गेले. पुढे पोर्तुगीज अमलात साष्टी आणि वसईच्या भागात कॅथलिक वस्ती वाढली. तिचे वंशज म्हणजे आजचा ईस्ट इंडियन समाज. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्याच परंपरेतले. इंग्रज आल्यावर अँग्लिकन उपासना सुरू झाली आणि बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये सेंट जेम्स चर्चचे समर्पण केले. विसाव्या शतकात रेल्वे, कारखाने आणि सरकारी नोकऱ्यांच्या निमित्ताने अहमदनगर, जालना, कोल्हापूरकडची मराठी प्रोटेस्टंट कुटुंबे आली. त्यांच्या पाठोपाठ केरळची माणसे आली. सिरो-मलबार कॅथलिकांचे कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाले. प्रत्येकाने येताना बायबलसोबत ते वाचायची आपली सवयही आणली. ग्रंथाची व्याप्तीही सर्वांची सारखी नाही. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत आणि कॅथलिक बायबलात ७३.

ऐकलेले बायबल

बायबल हा आधी कानांचा ग्रंथ आहे, हे अभ्यासाच्या चर्चेत फार लवकर विसरले जाते. शतकानुशतके बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी ते वाचले नाही, ऐकले. उत्तर कोकणात याची खूण स्पष्ट दिसते. फ्रान्सिस्को वाझ द गिमराइश याचे येशूच्या दुःखसहनावरचे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. ते इथल्या बोलीत आणि ओवीसारख्या छंदात आहे. त्याआधी, १६१६ मध्ये, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ निघाले होते. पुराण ऐकायला बसण्याची रीत इथल्या माणसाच्या अंगवळणी होतीच, तिच्यात नवी कथा आली. जुनी मराठी ख्रिस्ती माणसे बायबलच्या वचनाला आजही ‘ओवी’ म्हणतात. ‘योहान, अध्याय तीन, ओवी सोळा’ असे पाळक सांगतात, तेव्हा सगळी मंडळी सवयीने पान शोधू लागते.

कॅथलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, हे ऐकणे एका नेमात बांधलेले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देव स्वतःला कसा प्रकट करतो याविषयीच्या १९६५ च्या दस्तऐवजात बायबल सर्व श्रद्धावंतांसाठी खुले असावे असे सांगितले आणि त्यानंतर आलेल्या पाठक्रमात रविवारच्या पाठांचे तीन वर्षांचे चक्र ठरले. येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एका वर्षी प्राधान्याने मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळात व पुनरुत्थानकाळात. या रीतीचा मोठा गुण असा की उतारा निवडणे आपल्या हाती राहत नाही. आवडत्या वचनांकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या माणसाला एखाद्या रविवारी आमोस किंवा याकोबाचे पत्र अंगावर घ्यावेच लागते.

घरातला अभ्यास

कळव्याच्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात बुधवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनासभा असते. दारात चपलांची रांग, आत सतरंजी, भिंतीवर वर्षाचे वचन छापलेले कॅलेंडर. एकमेकांना ‘सलाम’ करून माणसे बसतात. चेन लावलेल्या कव्हरांतून बायबले निघतात. काहींच्या पानांना हळदीचे बोट लागलेले असते, कारण ती स्वयंपाकघरातही उघडली जातात. आता निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल असतो. एक गीत होते, मग शास्त्रभाग पाळीपाळीने वाचला जातो, प्रत्येकी एक ओवी. नबुखद्नेस्सर किंवा मलकीसदेक आला की वाचणारी आजी अडखळते आणि शेजारची नात हळूच नाव पुरवते. वरवर साध्या दिसणाऱ्या या वाचनात एक गोष्ट घडते. शाळा अर्धवट सुटलेली बाई आणि इंजिनीअर झालेला मुलगा एकाच उताऱ्यापुढे सारख्या अधिकाराने बसतात. प्रस्तुत नोंदकाराच्या मते मराठी मंडळ्यांची खरी अभ्यासशाळा हीच आहे. लहान मुलांना रविवारच्या शाळेत ‘सुवर्णवचन’ पाठ करायला देतात. ते पाठांतर म्हातारपणी, डोळे गेल्यावर, किती उपयोगी पडते हे ज्यांच्या घरी पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही.

या बैठकीत सर्वांत जास्त चालते ती तीन प्रश्नांची रीत : उताऱ्यात काय दिसते, त्याचा अर्थ काय, आणि त्यावरून मी काय करायचे. ऐकायला सोपी, पण पहिल्या प्रश्नावरच माणसे घाई करतात. मार्क ४ मधली वादळाची गोष्ट घ्या. ‘येशूने वादळ शमवले, माझ्याही आयुष्यातले वादळ तो शमवेल’ एवढे म्हणून पाच मिनिटांत अभ्यास आटोपता येतो. पण नुसते बघत राहिले तर काय काय दिसते? वेळ संध्याकाळची आहे. येशू दिवसभर मचव्यात, म्हणजे होडीत, बसून शिकवत होता आणि शिष्य त्याला ‘तो होता तसाच’ घेऊन निघतात. बरोबर दुसरे मचवेही आहेत. त्यांचे पुढे काय झाले ते मार्क सांगत नाही. येशू मागच्या बाजूला उशीवर झोपला आहे. ही उशी मत्तय आणि लूक यांच्या वृत्तांतात नाही. मार्कमध्ये शिष्य जवळजवळ रागावून विचारतात, की आम्ही बुडतो आहोत याची तुम्हांला काळजी नाही का? मत्तयात त्याच ठिकाणी ‘प्रभूजी, वाचवा’ अशी याचना आहे. आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, वारा पडल्यावर शिष्यांची भीती कमी होत नाही. ते तेव्हा अधिकच घाबरतात आणि म्हणतात, हा आहे तरी कोण?

इथून दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. वादळात झोपलेला आणि हाक मारून उठवलेला माणूस जुन्या करारात आधी भेटला आहे : योना. आणि स्तोत्र १०७ मध्ये खवळलेला समुद्र शांत करणारा परमेश्वरच आहे. म्हणजे मार्कचा भर संकटनिवारणापेक्षा त्या शेवटच्या प्रश्नावर आहे. मचवा हा शब्द मराठी बायबलच्या रूढ भाषांतरातला आहे. ठाण्याच्या खाडीकाठी ज्यांचे बालपण गेले त्यांना तो समजावून द्यावा लागत नाही.

मनन आणि कल्पना

हाच उतारा मठांच्या परंपरेत वेगळ्या तऱ्हेने वाचला जातो. कार्थुसियन साधू दुसरा ग्विगो याने बाराव्या शतकात वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी सांगितली. छोटा भाग हळूहळू, ओठांनी पुटपुटत वाचायचा, जो शब्द मनाला लागेल तिथे थांबायचे, त्याच शब्दाने देवाशी बोलायचे आणि मग गप्प बसायचे. नामस्मरणाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ही रीत परकी वाटत नाही. येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेत, जिला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली, कल्पनेला कामाला लावले आहे. आपण स्वतः त्या मचव्यात आहोत, पायांशी पाणी साचते आहे, दोर ओले आहेत, आणि तो झोपलेला आहे. आपण त्याला उठवू का? काय म्हणून उठवू? ठाण्यातल्या कॅथलिकांना ही पद्धत बहुधा येशूसंघीय धर्मगुरूंनी घेतलेल्या चिंतनशिबिरात भेटते.

प्रोटेस्टंट घरांत पहाटेच्या एकांताला ‘शांत वेळ’ म्हणतात. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून काढण्याचे तक्तेही वापरात आहेत. स्कॉटिश पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ मध्ये केलेला तक्ता त्यांत प्रसिद्ध आहे. आता असे तक्ते मोबाइलवर येतात आणि ठाण्याहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये, एका हाताने दांडी धरून, रोजचा अध्याय पुरा केला जातो. लेवीय आणि गणना या पुस्तकांशी आले की बरेच तक्ते फेब्रुवारी-मार्चमध्येच अडतात. तिथे हिंमत न हरता आठवड्याला दोनच अध्याय घेणे हा चांगला उपाय आहे.

सुटे वचन

एकेक वचन वेगळे काढून वाचण्याची सवय फार पसरली आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वर्षासाठी वचन दिले जाते किंवा चिठ्ठीने उचलले जाते. त्यातला आधार खरा असतो आणि तो कोणी हलका लेखू नये. तरीही अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टन यांची आणि नव्या करारातील ओव्यांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन यांनी १५५१ मध्ये घातलेले, हे माहीत असलेले बरे. लिहिणाऱ्यांनी आकडे घातले नव्हते. त्यांनी पत्रे लिहिली, कथा सांगितल्या, विलापगीते रचली.

कॅलेंडरांवरचे सर्वांत लाडके वचन यिर्मया २९:११ चे आहे : देवाचे संकल्प हिताचे आहेत, ते भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. परीक्षा, नोकरी, लग्न, घर, सगळीकडे ते लावले जाते. आता अध्याय पहिल्यापासून वाचा. इ. स. पू. ५९७ मध्ये यहूदातली माणसे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) पकडून नेली गेली. दोन वर्षांत परत जाल, असे हनन्या नावाचा संदेष्टा आदल्याच अध्यायात सांगत होता. यिर्मयाने त्या हद्दपारांना पत्र पाठवले, की सत्तर वर्षे लागतील. घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. अकरावी ओवी यानंतर येते. ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण ती सुस्थिती पाहायला जिवंत राहणार नव्हते. एवढे कळल्यावर वचन लहान होत नाही, त्याची खोली वाढते. गाव सोडून ठाण्यात आलेल्या आणि परतायचे की नाही हे तीस वर्षे ठरवू न शकलेल्या कुटुंबासाठी तर पाचवी ते सातवी ओवी अकराव्या ओवीइतकीच मोलाची आहे.

संदर्भ शोधण्याच्या या कामात ऐतिहासिक-चिकित्सक अभ्यासाची मदत होते. पुस्तक कोणी, कधी, कोणासाठी लिहिले आणि कोणत्या साधनांवरून, हे तो विचारतो. मार्क हे सर्वांत आधीचे शुभवर्तमान असून मत्तय आणि लूक यांनी ते समोर ठेवले, हे बहुसंख्य अभ्यासकांचे मत त्यातूनच आले. पुण्याच्या ईश्वरविज्ञान महाविद्यालयांत शिकून आलेले पाळक हे जाणतात, पण व्यासपीठावरून सांगताना बिचकतात, कारण मंडळीची श्रद्धा डळमळेल असे त्यांना वाटते. ही भीती समजण्यासारखी असली तरी अनाठायी आहे. उशी एकट्या मार्कमध्ये का, हा प्रश्न सतरंजीवर बसलेल्या बाईलाही पडतो.

कोणाच्या बाजूने वाचायचे

मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग पूर्वास्पृश्य जातींतून आला. त्यामुळे ‘हा उतारा कोणाच्या जागी उभे राहून वाचायचा’ हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. अरविंद निर्मळ यांनी १९८१ पासून दलित ईश्वरविज्ञानाची मांडणी केली. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातल्या, ‘माझा मूळपुरुष भटका अरामी होता’ या कबुलीपासून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवताना इस्राएली माणसाने आधी आपला भटकेपणा, छळ आणि गुलामी आठवायची असे तो उतारा सांगतो. दलित ख्रिस्ती माणसानेही आपला भूतकाळ न झाकता देवापुढे उभे राहावे, असा निर्मळांचा आग्रह होता. शहरात आल्यावर जात लपवण्याकडे कल असतो. अशा वेळी हे वाचन अवघड जाते, आणि म्हणूनच ते व्हायला हवे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच रांगेतले. इंग्लंडमध्ये फुलहॅम येथे पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी चाललेले काम पाहून त्यांनी त्यामागचे कारण विचारले, तेव्हा त्यांना योहान ४ मधली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. तो अध्याय त्यांच्या विचारांना वळण देणारा ठरला. नारायण वामन टिळकांचेही असेच. आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाने दिलेला नवा करार ते वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. दोघांच्याही बाबतीत एकच ओवी नव्हे, तर अखंड उतारा काम करून गेला.

भाषांतरे ताडून पाहणे

मूळ हिब्रू आणि ग्रीक येत नसेल तर दोन भाषांतरे शेजारी ठेवणे हा घरच्या घरी करता येणारा उत्तम अभ्यास आहे. मराठीत त्यासाठी साधने आहेत. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरला वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान छापले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने नवा करार आणला आणि बायबल सोसायटीची सुधारित आवृत्ती बहुतेक प्रोटेस्टंट घरांत रुळली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ख्रिस्तेतर मराठी वाचकही ते वाचतात. जुन्या आवृत्तीतला ‘प्रीती’ हा शब्द नव्या कानांना जरा उंच वाटतो. पण १ करिंथ १३ हा प्रीतीवरचा अध्याय लग्नात वाचताना तोच हवा असे म्हणणारे पुष्कळ आहेत.

रमाबाईंनी मूळ भाषा शिकून एकटीने संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. पंडिती संस्कृतप्रचुर मराठी टाळून कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी बोली त्यांनी जाणूनबुजून वापरली. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ग्रंथ केडगावच्या त्यांच्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे शिशाचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या आणि बांधणाऱ्या हातांत मिशनमध्ये आसरा घेतलेल्या, तिथेच वाचायला शिकलेल्या स्त्रियांचे हात होते.