दात उपटून संधिवात बरा होतो का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सकाळी चूळ भरताना पाणी लालसर दिसतं. ब्रश कडक असेल, असं म्हणून आपण नळ सोडतो. दुखत काहीच नाही, मग डॉक्टरकडे कोण जाणार? पण हिरडीतून येणारं हे रक्त म्हणजे तिथे सूज असल्याची खूण आहे, आणि त्या सुजेचा आमवाताशी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताशी, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसशी काय संबंध, हा प्रश्न डॉक्टरांना शंभराहून अधिक वर्षं छळतो आहे.

तोंडातले जंतू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूकने. हा कापडाचा व्यापारी रोज मिठाने दात घासायचा. तरीही दातांच्या फटीत पिठासारखा पांढरा थर उरे. तो त्याने पावसाच्या पाण्यात कालवून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला, तर त्यात चिमुकले जीव वळवळत होते. सप्टेंबर 1683 मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवलं. हे जीव रोग करतात, असं मात्र तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. रोगजंतूंचा विचार रुजायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. मग बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने 1890 च्या सुमारास मांडलं, की तोंड हे शरीरभरच्या संसर्गाचं उगमस्थान असू शकतं.

इथून गाडी रुळावरून घसरली. इंग्लंडमध्ये विल्यम हंटर आणि शिकागोत फ्रँक बिलिंग्ज या डॉक्टरांनी तोंडातला पू हे कितीतरी दुखण्यांचं मूळ ठरवलं. सांधे धरले की दात काढा, टॉन्सिल काढा, असा धडाका सुरू झाला. चांगले दातही गेले. माणसं बोळकी झाली आणि सांधे तसेच दुखत राहिले. अमेरिकी डॉक्टर रसेल सेसिल हे स्वतः या मताचे होते, पण 1938 मध्ये त्यांनी आमवाताच्या 200 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला आणि या उपायाला आधार नसल्याचं सांगितलं. आपलीच समजूत अशी जाहीरपणे तपासणं सोपं नसतं. मला त्यांचं मोल फार वाटतं. पुढे मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तोंड आणि सांधे यांचा संबंध हा विषयच बाजूला पडला.

हिरडीचा अभ्यास मात्र चालू राहिला. 1965 मध्ये डेन्मार्कच्या आरहूसमध्ये हाराल्ड लो या दंतसंशोधकाने निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात उतरल्या. जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते, हे पक्कं झालं.

पण गोष्ट एवढ्यावर संपत नव्हती. लो आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरचे 480 पुरुष मजूर 1970 पासून पंधरा वर्षं तपासले. या मजुरांना दात घासायची सवय नव्हती, दंतवैद्य मिळत नव्हता. कीटण सगळ्यांच्याच दातांवर होतं. तरी 8 टक्क्यांच्या हिरड्या व दातांभोवतीचं हाड वेगाने झिजलं, 81 टक्क्यांचं बेताने, आणि 11 टक्क्यांचं दुखणं हिरडीच्या सुजेपुढे गेलंच नाही. पंधरा वर्षं नुसती मापं घेतली गेली, याने मन अस्वस्थ होतं. या माणसांमुळेच एक गोष्ट कळली: जंतू सारखे असले तरी नुकसान सारखं नसतं.

फरक असतो तो शरीराच्या उत्तरात. दात आणि हिरडी यांच्यामधली खाच निरोगी माणसात एक ते तीन मिलीमीटर खोल असते. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी चोवीस तास पहारा देतात. थर जुना होऊन खाली सरकला की त्या जंतूंवर जी विकरं (एन्झाइम) सोडतात, तीच हिरडीचे धागे तोडतात. सुजेच्या संदेशांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि दात हलू लागतो. म्हणजे हाड मुख्यतः आपलीच फौज पोखरते. तंबाखू हे सगळं बळावते. आपल्याकडे गावोगाव बायका हिरड्यांना मिश्री लावतात. तीही भाजलेली तंबाखूच.

सांध्यांचा धागा पुन्हा हाती आला तो रसायनशास्त्रातून. प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचं रूपांतर सिट्रुलिन या दुसऱ्या आम्लात झालं, की काही माणसांची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनाला परकं समजते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवते. आमवाताच्या निदानासाठी लॅबमध्ये होणारी अँटी-सीसीपी तपासणी याच प्रतिपिंडांचा शोध घेते. 1999 मध्ये दिसलं, की हिरडीतल्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या जंतूकडे असाच बदल घडवणारं विकर आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दुसरी वाट दाखवली: ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाच्या जंतूचं विष पांढऱ्या पेशींना भोकं पाडतं, आणि त्या पेशींच्या आतच सिट्रुलिनचा सुळसुळाट होतो.

यामुळे हिरडीच्या प्रत्येक रुग्णाला आमवात होतो, असं नाही. जनुकांची ठेवण लागते, धूम्रपान भर घालतं. पण 2023 मध्ये आमवाताच्या रुग्णांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा ज्यांच्या हिरड्या खराब होत्या त्यांच्या रक्तात तोंडातले जंतू वारंवार उतरत असल्याचं आढळलं. ते सिट्रुलिनचा शिक्का घेऊन आलेले होते, आणि रुग्णांच्या शरीराने आपल्याच प्रथिनांविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं या जंतूंनाही चिकटत होती.