दोन अक्षरी नावांची येरझार

मुलीचं नाव ‘रमा’ ठेवू म्हटलं की घरात दोन तट पडतात. आजी म्हणते, ‘अगं, किती जुनाट!’ आईला मात्र ते एकदम ताजं वाटतं. दोघींचंही बरोबर असतं. आजीने रमा नावाच्या आत्या-मावश्या पाहिलेल्या असतात, आईच्या वर्गात रमा एकही नसते. नाव जुनं वाटतं ते अशा ओळखीच्या चेहऱ्यांमुळे. सोपी, दोन अक्षरी मराठी नावं या वाटेने एकदा नाही, अनेकदा येऊन गेली आहेत.

एकोणिसाव्या शतकात मुलीच्या नावात हौसेला फारशी जागा नव्हती. गंगा, यमुना, गोदा, काशी, लक्ष्मी, पार्वती: नद्या, तीर्थं नाहीतर देवी. हाक मारता मारता देवाचं नाव तोंडी यावं हा त्यामागचा हिशेब. मरताना मुलाला ‘नारायणा’ म्हणून हाक मारणारा अजामिळ त्यातूनच तरला, ही भागवतातली गोष्ट घरोघरी ठाऊक होती. शिवाय माहेरचं नाव टिकायचं कुठे? तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं संपलं. १८६२ साली जन्मलेल्या रमाबाई रानडे माहेरी यमुना होत्या. १८६५ साली जन्मलेल्या, पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही यमुनाच. जे नाव लग्नापर्यंतच चालणार, त्यावर कोण खल करत बसणार?

मग शिकलेल्या घरांमधून नावाचा विचार वेगळा होऊ लागला. इरावती कर्वे यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या नदीवरून त्यांचं नाव पडलं. नदीच, पण गंगा-गोदा नव्हे. पुढच्या दोन-तीन दशकांत देव्हाऱ्यातली नावं मागे पडून कवितेतली पुढे आली. मंगेशकर बहिणींची नावं एका ओळीत वाचा: लता, मीना, आशा, उषा. जन्म १९२९ ते १९३५ च्या दरम्यानचे. वेल, आशा, पहाट... पुण्य मिळवून देणारं यात एकही नाही. लताबाईंचं पाळण्यातलं नाव तर हेमा होतं; वडिलांच्या नाटक मंडळीच्या ‘भावबंधन’मधल्या लतिकेवरून त्या लता झाल्या. गंगूबाई, काशीबाई ऐकत वाढलेल्या कानांना ‘उषा’ हे नाव किती नवं, किती धीट वाटलं असेल, याची आज कल्पना करणं कठीण आहे. मागची ‘बाई’ गळाली, ही माझ्या मते त्या काळातली खरी क्रांती. आज आपण ज्याला साधं नाव म्हणतो, ते तेव्हाची फॅशन होतं.

साठ-सत्तरच्या दशकांत सुनीता, संगीता, वैशाली, मनीषा, अर्चना आल्या आणि उषा-लता ‘काकूंची नावं’ झाली. एकेका वर्गात इतक्या सुनीता की बाई हजेरी घेताना आडनावानेच पुकारत. त्यांच्या मुली पूजा, अश्विनी, प्रियांका, स्नेहा. आणि आता पूजा-अश्विनीच्या मांडीवर इरा, तारा, मीरा, सई, उमा खेळताहेत. स्वतःच्या आणि आईच्या पिढीची नावं ओलांडून हात थेट पणजीच्या पेटीत गेला आहे.

आपल्याकडे हे सगळं हजेरीपट आणि लग्नपत्रिका चाळून ताडायचं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेच्या नोंदींमुळे १८८० पासूनचे आकडे हाताशी आहेत. त्या वर्षी मुलींमध्ये ‘एमा’ तिसरी होती. १९७० च्या दशकात ती चारशेच्याही खाली घसरली आणि २००८ साली पहिली आली. ‘मेरी’ १९४६ पर्यंत पहिल्या क्रमांकावर अढळ होती. १९४७ साली ‘लिंडा’ने तिला खाली ओढलं. काही वर्षांनी मेरी परतली, पण १९६२ साली पुन्हा गेली ती गेलीच. म्हणजे साधेपणा असला म्हणून पुनरागमन ठरलेलंच, असं नाही.

आपल्याकडेही पणजीच्या पेटीतून सगळं बाहेर येत नाही. मुक्ता येते, जाई येते. ठकू, हौसा, बायजा, धोंडा येत नाहीत. तीही साधीच नावं, तितकीच जुनी, उच्चारायला तितकीच सोपी. पण ती शेतात राबणाऱ्या बायांची म्हणून डोक्यात बसलेली. ‘क्लासिक’ हे लेबल कुणाच्या पणजीला लावायचं, याची निवड आपण गुपचूप करून टाकलेली असते.

आणि काही नावं तर परत येऊच नयेत. २०११ साली सातारा जिल्ह्यात ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं मिरवावी लागलेल्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं देण्यात आली. त्यांतल्या काहींनी ऐश्वर्या निवडलं, काहींनी सावित्री, काहींनी वैशाली. शहरातल्या नामकरणाच्या चर्चेत ज्या ‘वैशाली’ला तेव्हा कुणी विचारत नव्हतं, ती त्या मुलींना कोरी करकरीत वाटली असणार.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात एक नवा क्रम आला आहे: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे दाखल्यावर आता ‘इरा अश्विनी’ असं लिहिलं जातं. पणजीच्या पेटीतलं नाव आधी, आणि वर्गातल्या चार अश्विनींपैकी एकीचं त्याच्या शेजारी.