संगणकावरील इंटरनेट कॉलचे ध्वनिमुद्रण : दोन्ही बाजूंचा आवाज कसा जपावा

सप्रेम नमस्कार. संगणकावरून होणारे इंटरनेट कॉल नोंदवून ठेवता येतील का, आणि त्यासाठी काही विकत घ्यावे लागेल का, अशी विचारणा सीताबर्डीतील आमच्या दुकानात आता वरचेवर होते. कळमना बाजारातील संत्रा व्यापाऱ्यांना बाहेरगावच्या खरेदीदाराशी ठरलेला भाव नोंदवायचा असतो, वकील मंडळींना अशिलाशी झालेले बोलणे हवे असते, तर कुणाला परदेशी गेलेल्या नातवाच्या आजीशी झालेल्या गप्पा जपायच्या असतात. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. मात्र एक गोष्ट आधी नीट समजून घ्यावी लागते.

कॉलमधील दोन आवाज संगणकात दोन वेगळ्या वाटांनी जातात. आपला आवाज माइकमधून आत येतो. समोरच्या व्यक्तीचा आवाज इंटरनेटवरून येऊन थेट हेडफोनकडे जातो, माइकच्या वाटेला तो येतच नाही. संगणकात आधीपासून असलेला साधा रेकॉर्डर सहसा फक्त माइकच ऐकतो. महालातील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी आपल्या थोरल्या बहिणीकडून जात्यावरच्या ओव्या कॉलवर तासभर म्हणवून घेतल्या होत्या. ती फाईल आम्ही उघडली, तेव्हा तिच्यात बाईंचे ‘हं’, ‘मग गं?’ आणि मध्येच झालेली कुकरची शिट्टी एवढेच होते. ओव्या त्या फाईलपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या, त्यामुळे त्या परत मिळवून देणे आम्हाला शक्य झाले नाही. असे पुन्हा कुणाचे होऊ नये, म्हणून हे पत्रक काढले आहे.

दोन्ही वाटा एकाच वेळी नोंदवणारे, आमच्या मते सर्वांत भरवशाचे मोफत सॉफ्टवेअर म्हणजे ओबीएस स्टुडिओ. विंडोजवर ते सुरू केल्यावर खालच्या भागात ‘डेस्कटॉप ऑडिओ’ आणि ‘माइक’ अशा दोन पट्ट्या दिसतात. समोरचा बोलताना पहिली आणि आपण बोलताना दुसरी हलली, तरच पुढे जावे. सेटिंग्जमधील आउटपुट विभागात ‘ॲडव्हान्स्ड’ निवडून दोन ट्रॅकवर खूण करावी आणि माइकला एक, डेस्कटॉप ऑडिओला दुसरा ट्रॅक द्यावा, म्हणजे एखाद्याचा आवाज बारीक आला तरी तेवढाच नंतर वाढवता येतो. कॉल झूमवर असो वा व्हॉट्सॲपवर, संगणकातून जो आवाज बाहेर पडतो तो नोंदला जातो. म्हणूनच इतर सूचनांचे टिंगटिंग आधी बंद करावे.

कॉलच्या वेळी हेडफोन अवश्य लावावेत. स्पीकर चालू असेल तर समोरच्याचा आवाज माइकमध्येही शिरतो आणि ध्वनिमुद्रणात तो रिकाम्या खोलीत बोलल्यासारखा दुहेरी ऐकू येतो. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा बहुधा घसरतो, म्हणून तारेचे हेडफोन बरे.

उन्हाळ्यात आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे फाईल ‘एमकेव्ही’ प्रकारात नोंदवावी. साधी एमपी४ फाईल अर्ध्यावर बंद पडली तर बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचे बोलणे शाबूत राहते.

नोंदवलेला आवाज कापण्यासाठी व स्वच्छ करण्यासाठी ऑडॅसिटी वापरावे. हे मोफत सॉफ्टवेअर 2000 सालापासून उपलब्ध आहे; एमकेव्ही फाईल उघडण्यासाठी त्याला एफएफएमपेग हा मोफत जोड लागतो. सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह फाईल मिनिटाला सुमारे 10 एमबी, म्हणजे तासाला 600 एमबीच्या आसपास जागा घेते. तेच बोलणे 64 केबीपीएसच्या एमपी३मध्ये तासाला 29 एमबीत मावते आणि ऐकायला पुरेसे स्पष्ट असते. तरीही मूळ फाईल पुसू नये, आणि काटछाट नेहमी तिच्या प्रतीवरच करावी.

समोरच्या व्यक्तीला आधी सांगून, तिचा होकार ध्वनिमुद्रणातच घ्यावा, असा आमचा आग्रह आहे. चोरून नोंदवलेल्या बोलण्यावरून खासगीपणाचे वाद उभे राहू शकतात, शिवाय जुनी नातीही दुखावतात. ध्वनिमुद्रण न्यायालयात द्यायचे असल्यास 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागते; त्याबाबत आपल्या वकिलांचा सल्ला घ्यावा.

दोन्ही सॉफ्टवेअर त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरूनच उतरवावीत. शोधात वर दिसणाऱ्या जाहिरातींवरून नको, कारण सारख्या नावाआडून भलतेच काही संगणकात शिरू शकते. स्वतः बसवणे अवघड वाटत असेल तर संगणक आणि नेहमीचे हेडफोन घेऊन दुकानात यावे. सॉफ्टवेअरचे पैसे आम्ही घेत नाही, फक्त बसवण्याचे घेतो, आणि एक मिनिटाचा खरा कॉल लावून दोन्ही आवाज आपल्या कानांनी ऐकवल्याशिवाय संगणक परत देत नाही.